श्वासाची वही

इथुरे बेटावर वारा फुकट मिळत नाही.
शिडाला घासभर वारा हवा, तर किनाऱ्यावर
कुणीतरी तेवढा वेळ श्वास रोखायचा.
हा व्यवहार माझ्या पणज्याच्याही आधीचा,
आणि त्याची वही मी लिहितो.

मी ओसेन, धक्क्यावरचा कारकून, डाव्या कानाने बहिरा.
शाई माकुळीची, कागद केवड्याच्या पानांचा.
डावीकडे नाव. उजवीकडे
करवंटीत किती कवड्या पडेतो छाती थांबली, तो आकडा.

शेजारची बेटं आपापल्या परीने जगतात.
खेश भरतीला माणसांसकट बुडतं,
ओहोटीला वर आलं की आधी चुली मोजतं, मग पोरं.
नालोमाच्या लोकांनी सावल्या दीपगृहात गहाण टाकल्यात,
तिथला दिवा भर दुपारी काळा जळतो.
व्हारूवर विस्तव पानात बांधून विकतात,
उधार मागितला तर विझलेला देतात.
आमच्याकडे विकायला काही नाही.
फुफ्फुसं आहेत.

दुष्काळाच्या साली तांदळाच्या गलबतासाठी
इसावेने तीनशे कवड्या श्वास धरला.
भात शिजला. इसावे तेव्हापासून
वाक्याच्या मध्येच थांबते, आणि आम्ही
घाई करत नाही.
लुक नऊ वर्षांचा. वादळानंतर बापाची होडी
पडल्या समुद्रात अडकली, तेव्हा
गाल फुगवून बसला तो खडकावर.
बाप परत आला.
लुकच्या रकान्यात मी अजून बेरीज मारलेली नाही.

मग दर्याराणीची चाळीस जहाजं आली, काळ्या शिडांची.
खेश जाळायचं होतं. कर थकला होता म्हणे
(पाण्याखालचं बेट कर भरणार तरी कशातून?)
सरदार म्हणाला, एका रात्रीचा वारा. सगळ्या गावाचा.
जो मध्येच सोडेल, त्याच्या छपरावर
व्हारूचं एक पान.

रांगेत उभं राहिलं गाव. म्हातारे, ओल्या बाळंतिणी,
कालच भांडलेले दोन भाऊ खांद्याला खांदा लावून.
शंख वाजला. एकशे बारा छात्या वर आल्या
आणि तिथेच राहिल्या.
असा वारा मी जन्मात पाहिला नव्हता.
माडांच्या झावळ्या एकाच दिशेला बोट दाखवत होत्या,
जहाजं घोटभर झाली, ठिपका झाली.
करवंटीत कवड्या. टक. टक.

आणि मारौपे खोकली.

सत्तरीची बाई, दम्याची. खोकली तर खोकली.
पण तिच्या शेजारचा खोकला, मग त्याच्या शेजारची,
भाऊ दोघे एकदमच, इसावे सर्वांत शेवटी,
आणि आयुष्यात पहिल्यांदा न थांबता.
हसल्यासारखं वाटलं मला. पण मी डाव्या कानाने बहिरा.

शिडं मेली. चाळीस जहाजं
भर समुद्रात खुंट्यासारखी उभी.
भरती आली, खेश खाली गेलं,
उरलं नुसतं पाणी. जाळणार काय?

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने वही उलटीपालटी केली.
एकशे बारा नावं, कारण एकच: खोकला.
“सगळे? एकाच वेळी?”
मी म्हटलं, साहेब, साथ आहे. हवा दमट.
माझ्याकडे बघता बघता
त्यालाही एक ठसका आला. तोही मी नोंदवला.

त्या रात्री वारा सुटला.
कुणी मागवलेला नव्हता. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं,
गाव दारं लावून मोकळेपणी घोरत होतं.
लहानसा वारा, गालात मावेल एवढा.
लुकच्या खडकाकडून आला, माझ्या दिव्याशी घुटमळला,
वहीची पानं मागे, आणखी मागे नेली.

मी टाक बुडवला.
जमेला धरायचा की खर्ची टाकायचा, ठरेना.
शाई तशीच वाळली टोकावर.
ओहोटीला खेश वर आलं,
त्यांचं चुली मोजणं इथवर ऐकू येत होतं,
उजव्या कानाला.